बिनशिवणीचा खांदा

"अगं, सगळ्या आळीत प्यायला पानी न्हाई, आन तू अंगावर वतून घेतीस?" शेजारची रंगुबाई हातातला तांब्या उंच धरून तशीच उभी राहिली. तिच्याच्यानं तो कलंडवेना.

"वत म्हन्ते ना. एक थेंब वाया जायचा न्हाई. खाली बघ की."

मुक्ताबाईनं अंगणात तंबूच्या कापडाचा मोठा तुकडा पसरला होता. तीन बाजूंना कडेखाली विटा सारल्या होत्या आणि चौथी कड घंगाळात सोडली होती. मधोमध ती स्वतः उभी होती. अंगात खाकी कोट, टोपी डोक्यावर ओढलेली, जून संपत आलेला आणि डोक्यावर कोरडंठाक ऊन. नगरला लागूनच्या भिंगारमध्ये नळाला दिवसाआड तासभर पाणी यायचं. ज्या पाण्यानं ती कोट तपासत होती त्याच पाण्यानं नंतर भांडी निघणार होती.

"खांद्यावर वत. हळू न्हाई, धबाधबा."

रंगुबाईनं एक तांब्या ओतला, मग दुसरा, मग हंडाच उचलला. मुक्ताबाईनं दोन्ही हात वर केले, लाकूड तोडल्यासारखे खाली आणले, वाकली, बसली, उठली. पाणी कोटावरून मोत्यांसारखं घरंगळत खाली गेलं. मग तिनं कोट काढला. आत तिनं जुन्या धोतराचं पांढरं कापड गुंडाळलं होतं आणि त्यावर निळीची कोरडी पूड भुरभुरली होती. जिथं थेंब शिरेल तिथं निळा डाग उमटणार. दोघी त्या कापडावर वाकल्या. गळ्यापाशी हरभऱ्याएवढा एक डाग होता.

"त्यो माझ्यामुळं," रंगुबाई म्हणाली. "म्या नेम चुकून गळ्यात वतलं."

मुक्ताबाईनं कापड उन्हाकडं धरलं. कापड पुन्हा पुन्हा उलटून बघत राहिली. वर्षभरात तिनं चार कोट शिवले होते. त्यातला हा पहिलाच असा निघाला.

मुक्ताबाईचं सगळं आयुष्य जाड कापडात गेलं होतं. नवरा रखमाजी तंबू दुरुस्त करणारा. लष्करी तंबूंचं काम घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे तो होता. फाटके तंबू घरी यायचे, नवरा-बायको दोघं समोरासमोर बसून शिवायची. कापड कुठून आधी विरतं, पाणी शिवणीच्या भोकातून कसं पाझरतं, दोऱ्याला मेण लावलं की भोक कसं बुजतं, हे तिला शाळेत न जाता कळलं होतं. पावसाळ्यात रखमाजी भिजलेले तंबू खांद्यावरून वाहायचा. घरी आला की सदरा काढून भिंतीकडं तोंड करून बसायचा, आणि ती मिठाच्या पुरचुंडीनं त्याचे सुजलेले खांदे शेकायची. "खांदा भिजला का मानूस भिजला," तो म्हणायचा. "शिवन नेमकी खांद्यावरच कशाला ठेवत्यात, कुनास ठावं." चार वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं तो गेला. तंबू यायचे तसे येत राहिले. आता समोर कोणी बसत नव्हतं, एवढंच.

कोट तिनं शिवला होता बन्सीसाठी. बन्सी तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा आणि ती बाराची. तिनं त्याला कडेवर वाढवला, लग्नानंतर इकडं भिंगारला आणून शिकवला, आणि तो वनखात्यात गार्ड म्हणून लागला त्या दिवशी बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालून आळीत पेढे वाटले. नेमणूक मिळाली ती अकोले तालुक्याच्या टोकाला, घाटघरला. इकडं नगरला ढग बघायला मिळायची मारामार आणि तिकडं चार महिने सूर्य दिसायचा नाही. एकाच जिल्ह्यात अशी दोन आभाळं. एकाहत्तरच्या जुलैत तो तापानं फणफणत घरी आला. खात्याच्या रेनकोटाच्या चिंध्या त्यानं पिशवीत घालून आणल्या होत्या.

"करवंदीच्या जाळीत दोन दिस बी टिकत न्हाई आक्का. आन टिकला तरी आतून घाम. बाहेरून पावसानं भिज न्हाईतर आतून घामानं."

त्याच्या कपाळावर पट्टी ठेवता ठेवता तिनं विचारलं, "आधी कुठं भिजतूस?"

"खांद्यावर."

तिचा हात तिथंच थांबला. मग ती उठून कापडांच्या गाठोड्याकडं गेली.

पहिला कोट तिनं तंबूच्या सर्वांत जाड कापडाचा केला. तो जमिनीवर ठेवला तर आपला आपण उभा राहायचा. "ह्यो कोट न्हाई, दार हाय," बन्सी हसून म्हणाला. दुसऱ्याचं कापड हलकं घेतलं आणि त्यावर मेण चढवलं, पण थंडीत मेण तडकलं आणि घडीघडीतून पाणी शिरलं. मग तिनं मेणात जवसाचं तेल मिसळलं. बन्सीच्या ओळखीची घाटघरची ठाकर आदिवासी माणसं जंगलातलं मेण द्यायची. किती मेणाला किती तेल, किती कोमट, इस्त्री कधी फिरवायची, यात तिचे सहा महिने गेले. घरात तेलाचा वास मुरला. तिसऱ्या कोटात हात वर केला की अख्खा कोट वर ओढला जायचा आणि कंबर उघडी पडायची. म्हणून चौथ्यात काखेत चौकोनी तुकडा घातला. आणि खांद्यावर शिवणच ठेवली नाही. पाठीचं कापड खांद्यावरून सरळ पुढं आणून छातीवर खाली उतरवलं, आणि त्यावर दुसरा पदर दिला. शिवण आली ती छातीवर, वरून सोडलेल्या कापडाच्या झाकणीखाली. तिथं पाऊस पोचत नाही.

बहात्तरच्या जुलैत बन्सी तो कोट घेऊन गेला. त्या साली नगरकडं पाऊस झालाच नाही. माणसं खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेली, विहिरींचे तळ उघडे पडले. मुक्ताबाई रोज संध्याकाळी दारात उभी राहून पश्चिमेकडं बघायची. तिकडं पाऊस पडत असेल का, आणि पडत असेल तर गळत असेल का?

बन्सी आला तो दिवाळीच्या सुमाराला. उंबऱ्यात पाऊल टाकताच म्हणाला, "आक्का, एकदा बी भिजलो न्हाई!"

त्या वेळी तिचा दीर उत्तमराव तिथंच बसला होता. उत्तमरावचं भिंगारच्या जुन्या बाजारात शिंप्याचं दुकान होतं. साहेब लोकांचे गणवेश तो शिवायचा. रखमाजीच्या आजारपणात तोच दवाखान्यात खेटे घालत होता. तिलाही अडीअडचणीला तोच यायचा. दिरापेक्षा भाऊच जास्त, असं ती लोकांना सांगायची.

"कोट आंगात घालून झोपलो, कड्यावरून घसरलो, जाळीतून गेलो. बाकीचे गार्ड हात लावलावून बघत्यात. मोठं साहेब आल्ते, त्यांनी तर आंगातला काढाया लावला. म्हनले, ह्यो शिवनारा कोन हाय, त्याला मला भेटवा. सगळ्या गार्डांना असलाच करू."

मुक्ताबाईनं पदर तोंडाला लावला. हसू लपत नव्हतं.

उत्तमरावनं कोट हातात घेतला. बाहेरून बघितला, उलटा करून बघितला. बराच वेळ बघितला. "वहिनी," तो म्हणाला, "हे नुसतं दाखवून भागायचं नाही. सरकारी काम आहे. नकाशा काढावा लागतो, मापं लिहून द्यावी लागतात. तुम्ही मला सांगा, मी सगळं वहीत उतरवतो."

ती सांगत गेली. सगळी दुपार गेली. कागदाचे कापलेले नमुने तिनं पेटीतून काढून एकेक त्याच्यापुढं मांडले. मेण-तेलाचा हिशोब सांगितला. काखेचा तुकडा का, झाकणी का, हे सांगितलं. रखमाजीच्या खांद्यांचंही सांगितलं, मिठाची पुरचुंडी आणि तो काय म्हणायचा तेसुद्धा. आजवर तिला तिच्या कामाबद्दल कुणी इतकं बारकाईनं विचारलं नव्हतं. उत्तमराव नमुने गुंडाळून घेऊन निघाला तेव्हा तिनंच त्यांना सुतळी बांधून दिली.

मग तीन महिने काही कळलं नाही. बन्सीचं पत्र नाही. विचारलं की उत्तमराव म्हणायचा, "चाललंय वहिनी. सरकारी काम हळूच चालतं." फेब्रुवारीत रंगुबाईनं बातमी आणली, की राजूरला वनखात्याचा मेळावा आहे, तिथं कोटाचं काहीतरी आहे, आणि उत्तमराव त्यासाठी नवी टोपी घेऊन आला आहे.

"भाऊजी, मी बी येते," मुक्ताबाई त्याच्या दुकानी जाऊन म्हणाली.

"एवढ्या लांब कुठं येता वहिनी? तीन गाड्या बदलायच्या. नुसते कागद द्यायचे आहेत."

पण तिला बघायचं होतं. घाटघरची माणसं तिच्या कोटाला हात लावताना बघायची होती. ती एकटीच निघाली. पहाटेची पहिली गाडी पकडून नगरहून कोल्हारला, तिथून संगमनेर, मग अकोले. कोल्हारला पुलावरून प्रवरेचं वाळूचं पात्र दिसलं. बरोबर भाकरी होती, ती तिनं सोडलीच नाही. राजूरला विश्रामगृहाच्या आवारात पोचली तेव्हा कार्यक्रम सुरू झाला होता. ती मागच्या बाजूला बायकांत जाऊन बसली.

टेबलावर तिचा कोट होता. साहेबांनी तो उचलून सगळ्यांना दाखवला. चांगला माणूस वाटत होता, मनापासून बोलत होता. "पंधरा वर्षं मी जंगलात आहे, पण असं वस्त्र मी पाहिलं नाही. ज्या हातांनी हे केलं त्यांचा आज सत्कार करायचा आहे."

मुक्ताबाईनं पदर सारखा केला. उठावं की हाक मारल्यावर उठावं, हे तिला कळेना.

"भिंगारचे कुशल कारागीर, श्री. उत्तमराव."

टाळ्या वाजल्या. उत्तमराव नवी टोपी घालून पुढं गेला. त्याला नारळ दिला, शाल दिली, शिक्क्याचं प्रशस्तिपत्र दिलं. मुक्ताबाईला वाटलं, आता सांगेल. घरच्या वतीनं घेतलं असेल, आता नाव सांगेल.

"मास्तर, एक सांगा," साहेबांनी विचारलं, "खांद्यावर शिवण नाही, हे तुम्हाला सुचलं कसं?"

उत्तमरावनं खांद्यावरची शाल सारखी केली. मग म्हणाला, "साहेब, माझा थोरला भाऊ होता. पावसात तंबू वाहायचा. घरी आला की भिंतीकडं तोंड करून बसायचा आणि त्याचे खांदे मिठाच्या पुरचुंडीनं शेकावे लागायचे. तो म्हणायचा, खांदा भिजला का माणूस भिजला. तेव्हापासून हे माझ्या मनात होतं."

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गार्डानं डोळे पुसले.

ती रखमाजीचे खांदे शेकायची त्या खोलीत उत्तमराव कधी आलाच नव्हता. ती खोली तिची आणि रखमाजीची होती, आणि तिचं दार तिनंच एका दुपारी उघडून दिलं होतं.

"आणि बन्सी," साहेब हसून म्हणाले, "तू चार महिने वापरलास. याच मास्तरांनी शिवलेला ना?"

बन्सी कडेला उभा होता, स्वच्छ गणवेशात. त्यानं मान वर केली, आणि त्याला मागं बसलेली बहीण दिसली. दोघांची नजर एक झाली. मुक्ताबाई त्याच्याकडं बघत होती. लहानपणी तो पाय टाकायला शिकत होता तेव्हा बघायची, तशी.

"व्हय साहेब," बन्सी म्हणाला. "ह्यांनीच."

कार्यक्रम संपल्यावर ती आवाराबाहेर वडाखाली जाऊन उभी राहिली. बन्सी धावत आला. "आक्का, आईक. उत्तमभाऊ म्हनले, बहिनीनं शिवलेला कोट तू खात्यात खपवतूस असं होईल, नोकरीवर येईल. म्हनून..."

"आजून?"

"म्हंजी?"

"आजून काय म्हनले?"

बन्सीनं खाली बघितलं. पायानं मुरूम उकरला. "त्यांनी साहेबांपाशी शब्द टाकला. माझी बदली झाली. देवळाली प्रवरेला, रस्त्याकडंची झाडं बघायची. पोरं शाळंत जातील आक्का. बायकोचा दमा तिकडं कमी हुईल. म्या लई दिस मागत हुतो, कुनी ऐकत नव्हतं."

मुक्ताबाईनं ऐकून घेतलं. देवळाली प्रवरेला सपाट रान, ऊस, कोरडी हवा. तिला सगळं डोळ्यापुढं दिसलं.

"मला सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर म्या आपल्या हातानं दिला असता. नाव बी, कोट बी. तुज्याहून का मला त्यो कागद मोठा हुता?"

"आक्का..."

"म्हंजी आता तुला कोट लागनार न्हाई," ती म्हणाली आणि गाडीच्या दिशेनं चालू लागली. बन्सी मागं आला नाही.

एप्रिल संपता संपता उत्तमराव तिच्या दारात आला. चपला बाहेर काढून, मान खाली घालून. चाळीस कोटांचं काम मिळालं होतं, मृगाच्या आत द्यायचे होते. त्यानं दोन करून पाहिले होते. एकाचं मेण चिकट राहिलं, दुसऱ्याचं तडकलं. वहीत सगळं होतं, पण हातात नव्हतं.

"वहिनी, तुम्ही दुकानात आत बसून नुसतं मेणाचं आणि खांद्याचं बघा. बाकी माणसं करतील." मग तोच पुढं म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका. नाव शेवटी आपल्या घरातच राहिलं ना."

"कंच्या घरात, भाऊजी?"

उत्तमराव दाराबाहेरच्या चपलांकडं बघू लागला.

"कोट घेतला, घेतला. पर त्यांचं खांदं कशाला घेतलं? त्ये तुमी कधी शेकलं हुतं?"

उत्तमराव खाली बसला. त्याचा चेहरा खरंच उतरला होता. "तिथं तोंडातून निघून गेलं वहिनी. साहेबांनी एकदम विचारलं. काय सांगावं सुचेना." तो उठायला लागला. त्याला वाटलं, झालं, ही काही येत नाही.

मुक्ताबाईला मात्र रागापेक्षा दुसरंच दिसत होतं. चाळीस माणसं खांद्यावर खात्याचा शिक्का मारलेला कोट घालून निर्धास्त पावसात जाणार, आणि दुसऱ्या दिवशी पाणी आत उतरणार. उत्तमरावला काय, तो भिंगारात कोरडाच राहणार. भिजणार ते ज्यांची नावंसुद्धा तिला ठाऊक नव्हती.

"येते," ती म्हणाली. "पर आत बसनार न्हाई. म्होरल्या फळीवर बसंन, रस्त्याकडं तोंड करून. आन पैल्या टाक्यापासून शेवटच्यापतोर खांदा मीच शिवनार. दुसऱ्या कुनाचा हात लागला तर त्या दिशी उठंन."

उत्तमरावला ते आवडलं नाही. पण मृग जवळ होता.

भिंगारच्या बाजारानं मग महिनाभर बघितलं. उत्तमराव मास्तरच्या दुकानात पुढच्या फळीवर एक विधवा बाई मांडी घालून बसली आहे, शेजारी शेगडीवर मेणाचं भांडं, मांडीवर खाकी कापड. आत भिंतीवर काच लावलेलं प्रशस्तिपत्र. भाजीला जाणाऱ्या बाया थांबायच्या. "काय करतीस गं मुक्ताबाई?" ती म्हणायची, "जंगलातल्या लोकांचं कोट." त्यापुढं कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पण उत्तमराव हळूहळू पुढं बसायचा बंद झाला. गिऱ्हाईक आलं की आतूनच बोलायचा.

कोट संपत आले त्या आठवड्यात एका दुपारी बन्सी आला. देवळालीहून. अंगावर इस्त्रीचा गणवेश, हातावर ओरखडा नाही, तोंडावर तुकतुकी. फडक्यात बांधलेली गुळाची ढेप त्यानं छातीशी धरली होती. तो फळीसमोर रस्त्यावरच उभा राहिला.

"आक्का."

मुक्ताबाईनं वर बघितलं. सुई तशीच हातात राहिली. मग तिनं बाजूचं कापड उचललं आणि फळीवर जागा केली.

"या," ती म्हणाली. "बसा."

बन्सीला ते नीट कळलं नसावं. तो बसला. "आक्का, नवा गूळ हाय. तुज्यासाठी आनला. पोरं तुजी आठवन काढत्यात. पोरांची आय कडी बी म्हनली, आक्काला घेऊन या."

"कडूबाई बऱ्या हायेत का?"

"हायेत," तो म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं बहिणीच्या तोंडाकडं बघितलं. तिथं राग नव्हता. परक्या पाव्हण्याची विचारपूस करावी तशी ती शांत होती.

"पानी घेता का? माठात हाय."

"आक्का, असं नको बोलू. दोन मुस्काटात मार. पन मला तुमी म्हनू नको."

मुक्ताबाईनं दोऱ्याला मेण लावलं, दोरा चिमटीतून ओढला, सुईत ओवला. बाजारातून एक टांगा गेला, त्याची धूळ येऊ नये म्हणून तिनं मांडीवरच्या कापडावर पदर झाकला.

"येस्टी किती वाजता हाय तुमची?" तिनं विचारलं.

"चारला," बन्सी कसाबसा म्हणाला.

"मंग येळ हाय आजून. बसा निवांत."

आणि ती पुन्हा शिवायला लागली. बन्सी शेजारी गुळाची ढेप मांडीवर घेऊन बसून राहिला. उन्हानं गूळ पाघळून फडक्यातून त्याच्या गणवेशावर उतरत होता. त्यानं तो बाजूला ठेवला नाही. चार वाजायला थोडा वेळ उरला तेव्हा मुक्ताबाईनंच त्याला एसटीची आठवण करून दिली.